वाचकबाईंचं पहिलं पान

नेरेइदा काब्रालेसने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचल्या. तेच तिचं काम होतं. सिगारच्या फॅक्टरीतल्या लांबलचक दालनात दीडशे माणसं रांगांनी बसून सिगार वळत असत, आणि एका बाजूच्या लाकडी चौथऱ्यावर खुर्ची टाकून नेरेइदा त्यांना वाचून दाखवत असे. सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी. कुठली कादंबरी लावायची हे कामगार हात वर करून ठरवत. प्रकरण आवडलं की प्रत्येक जण तंबाखूचं पान कापायचं हातातलं अर्धगोल पातं समोरच्या फळीवर आपटायचा. दीडशे पाती एकदम वाजली की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटे. आवडलं नाही तर पातं खाली फरशीवर टाकून देत. एकेक करून, काही न बोलता. तो आवाज नेरेइदाने इतक्या वर्षांत चार-पाच वेळाच ऐकला होता, आणि दर वेळी लेखकाच्या वतीने तिलाच शरम वाटली होती.

गावात तिला नावाने हाक मारणारे थोडेच. बाकी सगळ्यांना ती वाचकबाई.

सत्तावन्नाव्या वर्षी तिचा घसा बिघडला. जिल्ह्याच्या शहरातल्या, पिनार देल रिओच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "स्वरतंतूंवर गाठी आहेत. वाईट नाहीत, पण वाचत राहिलात तर आवाज जाईल. फार तर वर्ष, दीड वर्ष."

"आणि नाही वाचलं तर?"

"नवऱ्याशी भांडण्यापुरता राहील."

डॉक्टर हसला, नेरेइदाही हसली. पण परतीच्या ट्रकमध्ये उभी असताना ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. आवाज गेल्यावर आपण कोण उरणार? मुलंबाळं झाली नव्हती. नवरा सिंदो रेल्वेतून निवृत्त झालेला, भला माणूस. पण भल्या माणसाची बायको म्हणून उरलेली वर्षं काढायची हा विचार तिला करवेना. एक इच्छा मात्र तिने फार वर्षांपासून कुणाला न सांगता जपली होती. आपणही एक कादंबरी लिहावी.

फॅक्टरीच्या गोदामात माल रवानगीचे जुने छापील फॉर्म पडून होते, एका बाजूने कोरे. देशात सगळ्याचाच, कागदाचाही, दुष्काळ होता, त्यामुळे तिला ते घबाडच वाटलं. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती बसू लागली.

आठ महिन्यांत अकरा सुरुवाती झाल्या. एकही चौथ्या पानापलीकडे गेली नाही. पहिली एका साखर कारखानदाराच्या विधवेची होती. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचून पाहिली तेव्हा त्या विधवेची चाल, तिचा पंखा, तिचे उसासे, सगळं कुठल्या तरी फ्रेंच कादंबरीतून उठून आलं होतं. मग तिने स्वातंत्र्ययुद्धातला एक घोडेस्वार घेतला. तो रशियन निघाला. कष्टकऱ्यांवर लिहायला घेतलं तर वर्तमानपत्राचा अग्रलेख झाला. एकतीस वर्षांत कानात इतकी वाक्यं साठली होती की तिचं स्वतःचं म्हणून जे वाक्य येई ते आधीच कुणाच्या तरी तोंडचं असे. साधा अडाणी माणूस असता तर बिनधास्त लिहून मोकळा झाला असता. तिला मात्र दुसऱ्याच ओळीत चोरी ऐकू येई.

"कितवी?" सिंदो विचारायचा. चहाच्या जागी साखरपाणी पिण्याचे दिवस होते. तो पेला घेऊन दारात उभा राहायचा.

"बारावी."

"तुझी कादंबरी म्हणजे आपला बसस्टॉप झालाय गं. माणसं नटूनथटून उभी, आणि बस काही येत नाही."

"अरे, तू जा. कोंबडीला दाणे टाक."

"कोंबडी मागच्या महिन्यात खाल्ली आपण."

"मग नुसताच जा."

तो जायचा. ती तीच ओळ पुन्हा वाचायची आणि खोडायची.

ओबदुलिया रिवेरो तिची मैत्रीण, शाळेपासूनची. ती त्याच फॅक्टरीत, पण अंगणापलीकडच्या खोलीत काम करी. तिथे सगळ्या बायकाच. मांडीवर तंबाखूचं पान पसरायचं, मधली शीर हलक्या हाताने ओढून काढायची, पान फाटू द्यायचं नाही. नव्याने येणाऱ्यांना शिकवायचं काम ओबदुलियाकडे होतं. तिचा एकुलता एक मुलगा रेइनिएर आदल्या ऑगस्टमध्ये ट्रकच्या ट्यूबांचा तराफा बांधून आणखी तिघांबरोबर देश सोडायला समुद्रात गेला होता. त्याला अकरा महिने होऊन गेले. समुद्रापलीकडच्या रेडिओवर तिकडे पोचलेल्यांची नावं वाचत. ओबदुलिया आवाज बारीक करून, कान चिकटवून ऐकायची. त्याचं नाव आलं नव्हतं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघी अंगणातल्या आंब्याखाली बसल्या होत्या. ओबदुलियाच्या पिशवीत दोन पाव होते. रेशनवर माणशी दिवसाला एकच पाव मिळे, मुठीएवढा.

"दुसरा कुणाचा गं?" नेरेइदाने सहज विचारलं.

ओबदुलियाने पिशवीचं तोंड बंद केलं. मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, "त्याचा."

"त्याचं नाव अजून कार्डावर आहे?"

"मी कळवलंच नाही. कळवलं की ते खोडणार. रोज त्याचा पाव घेते मी. दुकानदार काही बोलत नाही, त्यालाही ठाऊक आहे."

"बरं करतेस. तेवढंच पोटाला."

"खात नाही मी तो." ओबदुलिया तिच्याकडे असं बघत होती जणू हे सांगायचीही गरज नव्हती. "त्याचा पाव मी कशी खाऊ? उन्हात वाळवते आणि उशीच्या अभ्र्यात भरून ठेवते. तीन अभ्रे भरले. मुंग्या लागतात, मग पुन्हा वाळवते. हे कुणाला बोलू नकोस हं. वेडी म्हणतील. आणि लोक उपाशी असताना पाव साठवते म्हणून शिव्याही घालतील."

"मी कुणाला बोलणार बाई!" नेरेइदा म्हणाली. आणि त्या क्षणी ती ते मनापासून म्हणत होती.

रविवारी ती टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. खोडायची वेळच आली नाही. एक बाई पावाच्या रांगेत उभी आहे, तिच्या कार्डावर दोन नावं आहेत, आणि ती दोघांची भूक घेऊन एकटीच घरी चालली आहे. नेरेइदाने नाव बदललं, गाव बदललं, मुलाची मुलगी केली. पाव तेवढे राहू दिले. सहा पानं झाली तेव्हा सिंदो जेवायला बोलवायला आला. तिने हात वर करून त्याला थांबवलं. तो थांबला, आणि पहिल्यांदाच त्याने काही थट्टा केली नाही.

संध्याकाळी तिने ती पानं त्याला वाचून दाखवली.

"ही ओबदुलिया आहे," तो म्हणाला.

"कोण म्हणतं? हिला तर मुलगी आहे."

"नेरेइदा."

"अरे, कादंबऱ्या अशाच होतात. कुठून तरी घ्यावंच लागतं."

"तिला विचार आधी."

"विचारीन," ती म्हणाली.

विचारलं नाही. विचारलं तर ती नको म्हणेल, आणि नको म्हटल्यावर ही पानं फाडावी लागतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मनाशी तिने हिशेब असा मांडला, की आधी पान खरंच बरं उतरलंय का ते तरी कळू दे. नसेलच, तर उगाच तिला कशाला दुखवा? दालनात वाचून बघायचं, लेखक म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव सांगायचं. ओबदुलिया तर अंगणापलीकडे बसते. त्या वर्षी दिवसातले आठ-दहा तास वीज नसायचीच. माइक आणि कर्णे बंद, नेरेइदा नुसत्या घशाने वाचायची. तिचा आवाज दालनाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जेमतेम पोचे. अंगणापलीकडे काय जाणार?

बुधवारी जेवणानंतर ती चौथऱ्यावर चढली. वीज नव्हती. "चालू कादंबरी आज थांबवू," ती म्हणाली. "देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या, होल्गिनच्या एका नव्या लेखकाचं पहिलं प्रकरण आलंय. ऐकून सांगा."

"नवा लेखक?" पहिल्या रांगेतला एवेलियो तोरांसो म्हणाला. हा चाळीस वर्षं सिगार वळत होता आणि कादंबऱ्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानत. "बाई, आमचा चाच्यांचा कप्तान तिकडे फाशीच्या दोराखाली उभाय. त्याला तसाच ठेवून हा होल्गिनवाला कशाला?"

"कप्तान उद्यापर्यंत उभा राहील. मजबूत आहे तो."

दालन हसलं. नेरेइदाने पहिली ओळ वाचली.

दुसऱ्या पानापर्यंत बोलणी थांबली. तिसऱ्या पानावर पाती हळू झाली. तिला हे ओळखता येत असे. ऐकणारा माणूस तंबाखूचं पान वळायचं विसरत नाही, पण त्याचा हात जड होतो. चौथ्या पानावर बाई वाळलेला पाव अभ्र्यात टाकते तिथे ती आली, आणि तेवढ्यात छतावरचे पंखे फिरायला लागले. वीज आली होती. समोरच्या माइकमधून तिचा श्वास आधी ऐकू आला, मग तिचा स्वतःचा शब्द, मोठा, गोल, तरुण असताना होता तसा. दालनातले कर्णे, अंगणातला कर्णा आणि पलीकडच्या खोलीतले दोन, सगळे एकाच तारेवर होते.

बटण तिच्या उजव्या हाताशी होतं. तिला ते दिसत होतं. पुढच्या आयुष्यात तिने त्या क्षणाचा पुष्कळ विचार केला, आणि आपल्याला सुचलंच नाही अशी समजूत घालून घ्यायला तिला कधी जमलं नाही. सुचलं होतं. पण समोर दीडशे माणसं मान वर करून बसली होती, आणि आपलं वाक्य असं भरल्या आवाजात ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. ती वाचत राहिली.

शेवटचा शब्द झाला. मग एवेलियोने पातं उचललं आणि फळीवर आपटलं, आणि मग सगळ्यांनीच. इतका वेळ पाती वाजत राहिली की मुकादम दारात येऊन बघून गेला. मागच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. "अहो, या होल्गिनवाल्याला कुठे लपवलं होतंत?" एवेलियो ओरडला. "दुसरं प्रकरण कधी?"

नेरेइदाने मान हलवली. त्या गजरात ती कर्ण्याची तार बघत होती, दालनातून दारावरून अंगणात गेलेली.

सुट्टी झाल्यावर ओबदुलिया फाटकाशी उभी होती. भांडायला आल्यासारखी मुळीच नाही. सायकल हाताशी धरून, रोजच्यासारखी.

"तुझंच ना ते?" ती म्हणाली.

"ओबदुलिया, मी तुला सांगणारच होते..."

"मुलगी का केलीस गं?"

"कुणाला कळू नये म्हणून."

"सगळ्यांना कळलं. दोन पाव घेते ते आमच्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. वाळवते हे माहीत नव्हतं." सायकलच्या घंटीवर बसलेली धूळ तिने अंगठ्याने पुसली. "तुला एक विचारू? पुढे काय होतं?"

"कशाचं पुढे?"

"त्या बाईचं. मुलगी परत येते का तिची?"

"मी अजून लिहिलं नाही पुढचं."

"पण ठरवलं तर असशील. इतकी पुस्तकं वाचलीस तू. अशा गोष्टीत काय होतं शेवटी? पोचलेला असतो का तो कुठे?"

"मला नाही ठाऊक गं."

"ठाऊक नाही?" ओबदुलियाच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मग लिहायला कशाला घेतलंस?"

ती सायकलवर बसून निघून गेली. कामाचं सोडून नेरेइदाशी ती बोललेली ती शेवटची वाक्यं.

पुढचं आठवड्याभरातच घडलं. कुणी मुद्दाम चुगली केली असं नाही; गोष्ट चांगली होती म्हणून ती घरोघरी सांगितली गेली. होल्गिनच्या लेखकाने लिहिलेलं आपल्याच गावात घडतंय, याचं लोकांना कौतुक वाटलं. दुकानदार घाबरला. आतापर्यंत न बघितल्यासारखं केलेलं आता सगळ्या गावाने बघितलं होतं. त्याने रेशन ऑफिसला कळवलं, तिथली एक मुलगी वही घेऊन आली, चांगल्या शब्दांत बोलली, आणि रेइनिएरच्या नावावर पट्टी ठेवून लाल शाईने रेघ मारून गेली. ओबदुलियाने तिला बसायला खुर्ची दिली म्हणे. दुसऱ्या दिवसापासून पिशवीत एकच पाव येऊ लागला.

नेरेइदाला हे सिंदोकडून कळलं. ती तडक ओबदुलियाच्या घरी गेली. दार उघडं होतं, आत शेजारणी बसल्या होत्या, कुणी मेल्यावर बसतात तशा. ओबदुलियाने वर पाहिलं आणि मान वळवली. एका शेजारणीने येऊन दार लोटून घेतलं.

दालनात रोज तोच प्रश्न. "बाई, होल्गिनवाला काय म्हणतो?" एवेलियो विचारी. पहिले काही दिवस तिने पोस्टावर ढकललं. मग म्हणाली, "त्याने लिहिणं सोडलं."

"सोडलं? असं कसं सोडलं? त्याला पत्र लिहा! म्हणावं, दीडशे माणसं वाट बघतायत."

तिने खरोखर प्रयत्न केला. दर रविवारी ती सहा पानं समोर ठेवून सातवं लिहायला बसे. मुलगी परत आणली तर ओबदुलियाच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं होई. बुडवली, तर लाल रेघ आपणच ओढली असं वाटे. काहीच न ठरवता बाईला तशीच रांगेत उभी करावी म्हटलं, तर ती तिथे उभी राहून नेरेइदाकडे बघे आणि विचारी, पुढे काय? मग तिने ती पानं बाजूला ठेवून पुन्हा विधवेकडे, घोडेस्वाराकडे जाऊन पाहिलं. आता ती मेलेली माणसं होती. एकदा खरं वाक्य कसं लागतं ते कानाला कळलं होतं, आणि ते कुठून आलं हेही कळलं होतं.

"दुसऱ्या कशावर लिही," सिंदो म्हणाला. "माझ्यावर लिही. मी परवानगी देतो."

"तुझ्यात काय आहे लिहिण्यासारखं?"

"तेच तर. कुणाचं नुकसान होणार नाही."

तिला हसू आलं, पण घशातून नुसती खरखर निघाली.

ऑक्टोबरात आवाज बसला तो बसलाच. एका दुपारी वाचता वाचता शब्द निघायचे थांबले. ओठ हलत होते आणि दालन वाट बघत होतं. कामगारांनी नवी वाचक निवडली, शाळेतली एक तरुण शिक्षिका. नेरेइदाचा निरोप समारंभ झाला. रमचा एकेक घोट, तिला एक फुलदाणी. एवेलियोने भाषण केलं. तो म्हणाला, बाईंनी आम्हाला अख्खं जग वाचून दाखवलं, पण माझ्या कानात राहिलंय ते होल्गिनच्या त्या माणसाचं एकच प्रकरण.

नेरेइदा उठली. "ते मी लिहिलं होतं," ती म्हणाली. जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात.

"काय म्हणतायत?" मागून कुणी विचारलं.

"म्हणतायत, ते त्यांनीच लिहिलं!" एवेलियोने मोठ्याने सांगितलं, आणि दालन हसलं. मायेने, मनापासून हसलं. "अहो बाई, रम चढली तुम्हाला! तुमचं असतं तर दुसरं प्रकरण एव्हाना ऐकवलं नसतं का?" आणि पाती वाजली. ती बाईंसाठी होती. तिने वाकून नमस्कार केला आणि खाली बसली.

पेन्शनला तीन वर्षं बाकी होती, म्हणून तिला अंगणापलीकडच्या खोलीत काम दिलं. पहिल्या सोमवारी ती मांडीवर पान पसरून बसली आणि शीर ओढताच पान उभं फाटलं. दुसरंही फाटलं. ओबदुलिया उठून आली, तिच्या शेजारी बसली, नवं पान घेतलं आणि टोकाकडून शीर कशी सोडवायची, अंगठा कुठे ठेवायचा, ते दाखवलं. सगळ्याच नवख्या बायकांना ती असंच दाखवायची. "ओलं हवं पान," ती म्हणाली. "कोरडं ओढायचं नाही." मग उठून आपल्या जागी गेली. नेरेइदा तिच्या पाठीकडे बघत राहिली. काही तरी म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण कर्ण्यातून नव्या शिक्षिकेचा आवाज सुरू झाला होता आणि बायका ऐकायला लागल्या होत्या.

त्या रविवारी ती पुन्हा टेबलाशी बसली. बसायचं कशाला हे तिला सांगता आलं नसतं. पण नाही बसलं तर रविवारचं करायचं काय, हेही माहीत नव्हतं. दुपारी सिंदो दारात आला.

"किती झालं?"

तिने एक बोट दाखवलं.

"पान?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"ओळ," तो म्हणाला. तो आत आला, समोरची खुर्ची ओढून बसला. "वाच ना."

तिने कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने चष्मा लावला आणि ती ओळ मोठ्याने वाचली, अडखळत, रेल्वेची सूचना वाचावी तशी. एका घरात एक बाई सकाळी उठते आणि काय करावं ते तिला कळत नाही, एवढंच त्यात होतं.

"बरी आहे की," तो म्हणाला.

नेरेइदाने कागद परत घेतला, ती ओळ खोडली आणि ताटं मांडायला उठली.